गोल केलेलं नाणं

इतिहास जपणं हे प्रत्येक सुसंस्कृत कुटुंबाचं कर्तव्य आहे. दादांच्या कुटुंबाने तो साखरेच्या डब्यात जपला होता. वहिनींनी डब्यात हात घालून तो बाहेर काढला, फुंकर मारून साखर झटकली आणि दिराच्या तळहातावर ठेवला.

"भाऊजी, जरा उजळून द्या. उद्या म्युझियमचे साहेब येणारेत. ठेवून घेतलं तर खाली पाटीवर ह्यांचं नाव लावणार म्हणे."

नाणं सोन्याचं होतं. पोर्तुगीजांच्या कुठल्याशा वसाहतीत हातोड्याने ठोकून पाडलेलं. एका बाजूला चारी हात सारखे असलेला क्रूस, दुसऱ्या बाजूला पुसट झालेला संत. पाणीखात्यात जन्मभर मीटरचे आकडे उतरवलेल्या दादांकडे सांगण्यासारखी ही एकच गोष्ट होती, आणि ती ते सगळ्यांना सांगत. कचेरीत त्यांना 'व्हाइसरॉय' म्हणायचे. "व्हाइसरॉयसाहेब, चहा सांगा!" दादा चहा सांगायचे आणि तो येईपर्यंत नाण्याची गोष्ट सुरू करायचे. ते गेले तरी नाव टिकलं. शोकसभेतही एकाच्या तोंडून ते निसटलंच.

भाऊजी सराफाकडे कारागीर. वाकडी वस्तू त्यांच्या हातून कधी बाहेर गेली नव्हती. आणि हे नाणं तर एका अंगाने पोट सुटलेलं, दुसऱ्या अंगाने चावा घेतल्यासारखं. असल्या वस्तूखाली भावाचं नाव लागणार, हे त्यांना बघवेना. त्यांनी कानस घेतली. कड सगळीकडून घासून सारखी केली, मग पॉलिशच्या चाकावर धरलं. सोन्याचा कीस पुडीत बांधला, कारण माल घरचा होता. नाणं पाडलं त्या दिवशीही इतकं देखणं नसेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"ताई, ही नाणी ठोकून, कात्रीने कापून करायचे. धड गोल एकही नसतं. हे बघा, परकाराने काढल्यासारखं! वजनातही कमी. कुणीतरी हौसेने केलेली नक्कल आहे."

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "म्हणजे लोक ह्यांना हसायचे ते बरोबरच होतं म्हणायचं."

भाऊजींनी खिशातून पुडी काढली. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. फक्त दादा कायमचे थापाडे ठरले असते.

"साहेब, गोल मी केलंय. काल. हा त्याचा कीस." त्यांनी पुडी उलगडली. "दोन्हीचं मिळून वजन करा ना!"

साहेब हसले, नातेवाईक बोलू लागले की तज्ज्ञ हसतात तसे. "काका, तुम्ही सराफाकडचे. वजन जुळेल एवढा कीस तुम्हाला काय अवघड?"

साहेबांना दारापर्यंत पोचवून वहिनी परत आल्या.

"कशाला खोटं बोललात?"

"वहिनी, आईशप्पथ, मीच कानस—"

"पुरे. तुम्हाला खोटंही धड बोलता येत नाही, भाऊजी." त्यांनी डोळे पुसले. "पण ह्यांच्यासाठी एवढं दुसरं कुणी केलं नसतं. सख्खा भाऊ तो सख्खा भाऊ."

भाऊजींनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, आणि तो त्यांनी प्यायला. नंतर वहिनी ही हकिगत ज्याला त्याला सांगू लागल्या. नातेवाइकांत भाऊजींचा मान वाढला. कुणी पाठ थोपटली की ते चप्पल शोधायला लागायचे.

पुढे नाणं नातीच्या गळ्यात घालायचं ठरलं. खोटं तर खोटं, सोनं तर आहे, असं वहिनींचं मत. कडी जोडायला ते अर्थातच भाऊजींकडे आलं. वरची बाजू कुठली, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. संत पॉलिशमध्ये गेला होता, आणि क्रूस कुठूनही सरळच दिसत होता.