डाव्या बाजूची सीट

मला गाडी चालवता येत नाही. पण सोलापुरात माझ्याइतक्या गाड्यांत बसलेली आणि बसून प्रत्येक गाडीवर मत दिलेली दुसरी बाई असेल तर तिला माझ्यासमोर आणाच. गल्लीत कुणाची नवी गाडी आली की तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी खाली जाते. डिकी उघडायला लावते, काच खाली-वर करून बघते, मागं बसून गुडघ्यांना जागा किती ते सांगते. वय पासष्टच्या पुढं गेलंय, लोक हसतात. हसू देत.

शिकवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. माझे यजमान मडिवाळप्पा, यांचं चाटी गल्लीत टॉवेल-चादरींचं दुकान. त्यांना सगळा बाजार अप्पा म्हणतो आणि मीही तेच म्हणते. आमची पहिली मारुती आली तेव्हा अप्पांनी मला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर नेलं. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि तेवढ्यात शेजारच्या रस्त्यावरून एक निळी कोरी कॉन्टेसा गेली. काय तिचं नाक, काय ती लांबी! मी तिच्याकडं बघत राहिले आणि आमची मारुती कडब्याच्या गंजीत शिरली. अप्पांनी खाली उतरून बोनेटवरचा कडबा झटकला आणि म्हणाले, तू आपली डावीकडंच बस. मी बसले ती आजतागायत.

गाड्यांचं हे वेड माहेरचं. माझं माहेर अक्कलकोटचं, घरात कन्नड, बाहेर मराठी. बसलिंगप्पा काकांकडं दुधी रंगाची अँबॅसिडर होती. लग्नसराईत तिच्यात किती माणसं कोंबायची याला काही धरबंध नव्हता. पुढच्या सलग सीटवर चौघं बसायची आणि चालवणारे काका अर्धे दाराला टेकलेले. मी सगळ्यांत बारकी, म्हणून मला मधे घालायचे. काकांनी गिअर बदलला की त्यांचं कोपर माझ्या डोक्याला लागायचं आणि मला त्याचंही कौतुक वाटायचं. त्या गाडीचं दार लावलं की कपाट बंद केल्यासारखा आवाज व्हायचा. हल्लीची दारं लागली की नाही तेच कळत नाही.

मग आमची मारुती. पांढरी, दसऱ्याला आलेली. आमच्या घरची रीत अशी की नवं वाहन आधी सिद्धेश्वराच्या देवळात न्यायचं, आणि पहिल्यांदा ते घरातल्या मोठ्यानंच चालवायचं. अप्पांनी बोनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, चाकांखालची लिंबं चिरडली आणि गाडी अशी झोकात काढली की अख्खी गल्ली बघत राहिली. मी डावीकडं बसून नव्या लुगड्याचा पदर मुद्दाम खिडकीबाहेर सोडला होता. त्या गाडीतून आम्ही टेंभुर्णीला नणंदेकडं जायचो. मागं पोरं, उशा, दशम्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या. दानेश्वरी, माझी मुलगी, मोहोळ आलं की ओकायची. आमच्यात तेही प्रवासाचंच एक ठिकाण होतं.

त्यानंतर आणखी दोन गाड्या झाल्या. रस्ते रुंद झाले, पूल झाले, गाड्यांना छपराच्या खिडक्या आल्या आणि त्यातून पोरांची डोकी बाहेर यायला लागली. अलीकडं तर गाडीतली बाईच रस्ता सांगते. अप्पांनी ती पहिल्याच दिवशी बंद केली. म्हणाले, घरात एक बोलणारी आहे ती पुरे. सगळे हसले, मीही हसले. पण तेव्हा अप्पांना त्या बाईची नाही, माझीच गरज लागायला लागली होती, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

झालं असं होतं की गेल्या दिवाळीनंतर अक्कलकोटहून परत येताना ऐन दुपारी रस्त्यात शेळ्यांचा कळप आला. मला तो चांगला लांबून दिसला. अप्पा वेग कमी करीनात. मी ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला, आणि दाबला तोही माझा आवाज ऐकून. गाडी थांबल्यावरसुद्धा ते समोर बघून काय आहे, काय आहे असं विचारत होते. शेळ्या बोनेटला घासून चालल्या होत्या.

डॉक्टरांनी साखरेमुळं डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालाय, गेलेली नजर पूर्ण परत येणार नाही, गाडी चालवू नका असं स्पष्ट सांगितलं. मी शेजारीच बसले होते. घरी येऊन अप्पांनी नंबर वाढलाय एवढंच सांगितलं. मी एकदा, एकदाच, चालवणं सोडा म्हटलं. ते ताटावरून उठून गेले. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्या भावकीला लग्नाला, दवाखान्याला, जत्रेला नेलं, त्याच्या हातून चावी काढून घेण्याची माझी छाती झाली नाही. मग मी बोलायला लागले. येडक्क म्हणजे डावीकडं, बलक्क म्हणजे उजवीकडं, मुंद लारी अद म्हणजे पुढं ट्रक आहे, निधान म्हणजे हळू. मुलीला कन्नड धड येत नाही. मागं बसून तिला वाटायचं, आईबाप गप्पा मारताहेत. शहरातल्या शहरात, ओळखीच्या रस्त्यानं हे खपून गेलं. पण दर वेळी घरी येऊन चप्पल काढली की मी आधी देवापुढं दिवा लावायची.

यंदा दसऱ्याला दानेश्वरीनं स्वतःची गाडी घेतली. विजेवर चालणारी, पांढरी! मी आठवडाभर झोपले नाही. जावई महेश्वर रेल्वेत, त्यांना नेमकी ड्युटी लागली, म्हणून अप्पा, मी, दानेश्वरी आणि तिची पाच वर्षांची सिद्धेश्वरी असे चौघं होटगी रोडच्या शोरूमला गेलो. दानेश्वरीला गाडी उत्तम चालवता येते. पण अप्पांसमोर तिनं कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि पहिला मान अप्पांचाच हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. ते ऐकून अप्पांनी नवा नेहरू शर्ट शिवून घेतला होता.

शोरूमसमोर तर जत्राच होती. फिती बांधलेल्या, हार घातलेल्या गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीपुढं एकेक कुटुंब फोटोला उभं. मी आधी आमची गाडी आतून बघून घेतली. किल्ली फिरवायची भानगड नाही, गिअरचा दांडा नाही, मधे एवढा मोठा पडदा. सीट गार होते म्हणे! माझ्या पाठीला गार लागलं आणि मी मोठ्यानं हसले. दानेश्वरी सह्या करायला आत गेली. अप्पा विभूतीची डबी घेऊन पूजेला लागले. मी नातीला पट्टा लावत होते. मान वर करून बघते तर अप्पा शेजारच्या गाडीसमोर उभे, आणि तिच्या बोनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढून, हात जोडून, डोळे मिटून मनोभावे नमस्कार करताहेत.

तीही पांढरीच होती, त्याच कंपनीची. पण आमच्या गाडीपेक्षा हातभर मोठी, आणि तिच्यावर सांगोल्याच्या एका कुटुंबानं मोठ्या लाल अक्षरांत आपल्या देवाचं नाव लिहून घेतलं होतं. ते अप्पांच्या नाकासमोर होतं. गाडीचे मालक, धनाजी म्हणून डाळिंबाचे बागायतदार, आधी गोंधळले आणि मग अप्पांच्या पाया पडले. म्हणाले, "असू द्या की काका. तुमचा देव बी देवच हाय. आमच्या गाडीला दोन्हीकडनं आशीर्वाद मिळाला."

सगळे हसले. दसऱ्याच्या गडबडीत होतंय म्हणाले. अप्पाही हसले, पण हसताना त्यांची मान मला शोधत होती. मला हसू येईना. परवापर्यंत त्यांना गाडी दिसत होती, अक्षरं दिसत नव्हती. आज गाडीही दिसली नव्हती.

मी त्यांचा हात धरून त्यांना आमच्या गाडीकडं आणलं आणि त्यांनी पुन्हा पूजा केली. दानेश्वरी बाहेर आली. शोरूमच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. दानेश्वरीनं वाकून दोन्ही हातांनी चावी अप्पांच्या हातात दिली. बाहेर होटगी रोडवर दसऱ्याची गर्दी उसळली होती. दुचाक्यांवर तिघं-तिघं, झेंडूचे ढीग थेट रस्त्यात, सजवलेले ट्रॅक्टर. सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत हेच. मागच्या सीटवर आमची सिद्धेश्वरी पाय हलवत गाणं म्हणत होती. माझ्या तोंडच्या दोन-चार कन्नड शब्दांवर ते लेकरू देवळापर्यंत जाणार होतं. मला एकदम संताप आला. अप्पांचा आला, आणि डॉक्टरांचं सांगणं ऐकून तोंड बंद ठेवून बसले त्या माझा स्वतःचाही आला.

अप्पा चालवायच्या जागी बसले. सगळे मी डावीकडं बसायची वाट बघत होते. मी मागचं दार उघडलं आणि नातीशेजारी जाऊन बसले.

"आई, पुढं बस की," दानेश्वरी म्हणाली. "तुझी जागा हाय ती."

"आज मी मागं बसणार," मी म्हटलं. "आणि आज मी बोलणार न्हाय."

तिला वाटलं मी रुसले. ती पुढं बसली. अप्पांना मात्र कळलं. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते, नुसतेच समोर उघडे होते. त्यांनी बटण दाबलं. गाडीचा आवाज म्हणून काही नाही, त्यामुळं ती सुरू झाली हे बाहेर कुणालाच कळलं नाही. लोक तसेच समोर उभे. फोटो काढणारा अगदी बंपरला टेकलेला, आणि अप्पांचा पाय ब्रेकवर.

अप्पा थांबले. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. माझी जीभ आतल्या आत माणूस, माणूस, मुंद माणूस म्हणून तडफडत होती.

मग अप्पा हळूच म्हणाले, "हेळ, गिरिजा."

हेळ म्हणजे सांग. उभ्या जन्मात त्यांनी चार माणसांत मला नावानं हाक मारली नव्हती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कुठलीही बायको अशा हाकेला धावून जाईल. मीही गेले असते, शेजारी ते लेकरू गाणं म्हणत नसतं तर.

"इल्लरी," मी म्हटलं. "इन्न मुंद इल्ल."

नाही हो. आता यापुढं नाही. एवढं कन्नड दानेश्वरीलाही येतं. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं, मग बापाकडं पाहिलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, आता हा माणूस ताटावरून उठतो तसा उठून जाणार, आणि सणाच्या दिवशी लेकीच्या आनंदात मी माती कालवली.

अप्पांनी गाडी बंद केली. दार उघडून उतरले, हातानं गाडी चाचपत पुढून फिरून दानेश्वरीच्या दाराशी आले आणि चावी तिच्या हातात ठेवली.

"लिंबं तू चिरड," ते म्हणाले. "मला दिसत न्हाय, बाळ."

असं ते पहिल्यांदाच म्हणाले, आणि तेही लेकीला. दानेश्वरी रडायला लागली तसे तिच्यावर खेकसले की रडक्या डोळ्यांनी गाडी चालवायची नसते, आधी तोंड पूस. तिनं पुसलं. मला वाटलं, ते आता माझ्या डावीकडच्या जागी बसतील. पण ते मागं आले, मला सरकायला लावलं आणि नातीला एका बाजूला, मला मधे करून बसले. चारी लिंबं एका दमात फुटली, टाळ्या झाल्या आणि दानेश्वरीनं गाडी गर्दीतून अशी अलगद काढली की माझं ऊर भरून आलं. अप्पांचे दोन्ही हात रिकामे होते. गाडीत ते मी कधी रिकामे पाहिलेच नव्हते. त्यातला एक त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

आसरा चौकाजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, काय दिसतंय. मी म्हटलं, ट्रक नाही, काही नाही, पुढचं बघायला दानेश्वरी आहे. ते म्हणाले, तसं नाही, काय दिसतंय ते सांग. मग मला कोण थांबवणार? मी सांगायला लागले. एक लाल गाडी, तिच्या आरशाला ऊस बांधलाय. बुलेटवर नऊवारीतली पोरगी, मागं तिची सासू असावी, घट्ट धरून बसलीय. टेम्पोत फ्रीज, फ्रीजला हार. एक जुनी फियाट, खरंच फियाट, अप्पा, हिरवी, आणि म्हातारा किती ऐटीत चालवतोय. गच्चीवर कुणीतरी सायकलचीसुद्धा पूजा मांडलीय. महावीर चौक गेला, सात रस्ता आला, माझा घसा कोरडा पडला. अप्पा माझ्याकडं कान करून, तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत होते.

"एवढं सगळं असतंय व्हय रस्त्याला?" ते म्हणाले. "मी आपला चाळीस वर्षं नुसता रस्ताच बघितला."

"आई," पुढून दानेश्वरी म्हणाली, "तू आज बोलणार नव्हतीस न्हवं?"

अप्पांनी माझा हात दाबला.

"तू पुढं बघून चालव," ते लेकीला म्हणाले. "तिला बोलू दे."