भेगेवरची काच

मी काचेची पट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. माझ्यातून कुणी कधी बाहेर पाहिलं नाही की माझ्यात कुणाचा चेहरा उमटला नाही. मला भिंतीवर चिकटवलं ते एकाच कामासाठी, वेळ आली की तुटायचं. ते काम मी चोख केलं. पुढे जे झालं ते सांगायला बसले आहे.

माझा जन्म चौकटवाल्या काकांच्या दुकानातला. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं फोटो फ्रेम करायचं दुकान, बरोब्बर वर पहिल्या मजल्यावर घर. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोसाठी मोठी काच कापली, त्यातून मी उरले. उरलेल्यांना कोण विचारतं? सहा महिने कोपऱ्यात धूळ खात पडले होते.

एक दिवस नगरपालिकेचे इंजिनिअर आले. ते प्रत्येक भिंतीवर छोट्या हातोडीने ठोकून कान लावत, म्हणून साऱ्या इमारतीने त्यांचं नाव टकटकसाहेब ठेवलं होतं. काकांच्या घरात खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला उभी भेग होती. तिच्यापाशी येऊन त्यांची टकटक थांबली.

"धोकादायक इमारतींचे चार वर्ग असतात, काका," ते म्हणाले. "चौथा म्हणजे किरकोळ डागडुजी. तिसऱ्यात माणसं राहू देऊन दुरुस्ती करता येते. दुसऱ्यात आधी घरं रिकामी, मग दुरुस्ती."

"आणि पहिला?"

"पहिला वर्ग म्हणजे सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडायचं. इमारत पाडायची."

शाळेत पहिल्या वर्गासाठी जीव टाकणारी माणसं इथे मात्र तिसऱ्या-चौथ्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती.

"आमचा कुठला, साहेब?"

"ते मी नाही, ही भेग सांगेल. जुनी असून थांबली असेल तर तिसरा. अजून सरकत असेल तर पहिला. भेगेवर काच लावून ठेवायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काचेला खोटं बोलता येत नाही." मग त्यांनी पिशवी चाचपली. "अरेच्चा, पट्ट्या संपल्या वाटतं. तुमच्याकडे असेल ना एखादा तुकडा?"

आता बघा, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, तसंच हे. पण काका चोर नव्हते हो. सज्जन माणूस. त्यांनी मला उचललं, काच कापायची कलम फिरवून सरळ केलं. कापताना माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. साहेबांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरचे गोळे लावून मला मधोमध आडवं बसवलं आणि अंगावर लाल रंगाने तारीख लिहिली. "तुटली की त्याच दिवशी कळवायचं," असं बजावून ते गेले.

तिथे मला बाई भेटल्या. काकांची बायको. आठ वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती, पण घरात वावरताना पाहिलं असतं तर तुम्हाला पटलं नसतं. पलंगापासून चार पावलं भिंत, भिंतीला हात लावून डावीकडे स्वयंपाकघर, तीन पावलांवर ओटा. सगळं बोटांवर. पहिल्याच सकाळी त्यांचा हात मला लागला. बोट माझ्यावरून फिरत टवक्यापाशी थांबलं.

"काय गं, आहेस ना धड?" त्या म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. तोवर मला जो कुणी हात लावी तो पुसायला किंवा बाजूला सारायला. माझी विचारपूस करणारं हे पहिलं माणूस. मी त्यांच्या प्रेमात पडले, दुसरं काय!

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई यायच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. दवाखान्यातून दमून आल्या तरी बाईंना पेपर वाचून दाखवल्याशिवाय त्या जेवत नसत. वाचतावाचता बातमीतल्या माणसांना यथेच्छ शिव्या घालत, आणि बाई पोट धरून हसत. एकदा त्या म्हणाल्या, "ताई, उद्या साहेबांनी जा म्हटलं तर जायचं. नगरपालिका देते तात्पुरत्या खोल्या. जीव आहे तर सगळं आहे."

बाई म्हणाल्या, "सिस्टर, ह्या घरात मी आंधळी नाही. दाराबाहेर पडले की आंधळी होते."

काका तेव्हा टेबलाशी एका फ्रेमला हुक लावत होते. त्यांचा हात थांबलेला मी पाहिला.

अकराव्या आठवड्यात, भर दुपारी, भिंतीने मला दोन्हीकडून ओढलं. मी तुटले. आवाज म्हणाल तर इवलासा. टक्.

"अहो, काय तुटलं?" भाजी निवडता निवडता बाईंनी विचारलं.

काका जेवायला वर आले होते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या अंगावरची उभी चीर त्यांनी पाहिली, मग वळून बाईंकडे पाहिलं.

"काही नाही गं. खाली दुकानात एखादी काच घसरली असेल."

बाई दुपारच्या झोपल्या तेव्हा त्यांनी पटाशीने मला अलगद सोडवलं. आमच्याच मोठ्या काचेच्या दुसऱ्या तुकड्यातून तेवढीच पट्टी कापली. तिचं एक टोक प्लास्टरमध्ये बसवलं, दुसऱ्या टोकाला मऊ पुट्टी लावून वरून प्लास्टरचा नुसता हात फिरवला, म्हणजे भिंत कितीही सरको, काच पुट्टीत घसरत राहील, तुटणार नाही. वर तारीखही तशीच लिहिली. फोटोंखाली नावं लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता, साहेबांचं अक्षर त्यांना काय अवघड! सगळं करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझे दोन तुकडे कागदात गुंडाळून त्यांनी टेबलाच्या खणात, खिळ्यांच्या डब्यामागे ठेवले.

तिथून मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. दुसऱ्या सकाळी बाईंची पावलं आली. एक, दोन, तीन, चार. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही.

"अहो," त्यांनी हाक मारली.

"काय गं?"

"काही नाही. चहा ठेवते."

नव्या काचेला टवका नव्हता. बाईंना कळलं होतं. त्यांचं घर वाचावं म्हणून काका खोटं बोलले आणि ते खोटं बाईंनी पदरात बांधून घेतलं. दोघं एकमेकांना इतकं जपत होते की डोक्यावर राहणाऱ्या माणसांची आठवण कुणालाच झाली नाही. मला बाईंचा फार राग आला. ज्यांच्यावर माया करावी त्यांचाच राग येतो.

दहा दिवसांनी साहेब आले. "वा, काच शाबूत!" म्हणाले. टाचणावर लिहिता लिहिता त्यांनी मोठ्याने वाचलं, "हालचाल नाही. वर्ग तिसरा." मी खणातून ओरडले असते, पण मला जे ओरडायचं होतं ते ओरडून झालं होतं. साहेबांनी काच बघितली. भेग बघायची राहिली. बोट लावलं असतं तर कळलं असतं, तिच्यात खिळा जाईल एवढी ती उघडली होती.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, संध्याकाळी, वरून सिस्टरची हाक आली. "ताई, पेपर काढून ठेवा हं! गॅलरीतले कपडे काढते नि आलेच!"

बाईंच्या हातात पेपर सळसळलेला मी ऐकला. मग तो आवाज आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. गॅलरी, दोरी, कपडे आणि सिस्टर, सगळं एकदम खाली गेलं. बाकीची इमारत उभी राहिली. बाई पेपर घेऊन दारात उभ्या होत्या, आणि जिन्यात धावणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "सिस्टर कुठायत? सिस्टर आल्या का?"

घराघरांतून माणसं बाहेर काढत साहेब आमच्याकडे आले. भेगेसमोर उभं राहून म्हणाले, "काच तर शाबूत आहे. मग हे झालं कसं?"

"साहेब, ती काच तुमची नाही," बाई म्हणाल्या. "तुमची एकोणतीस दिवसांपूर्वी तुटली. दुपारी. मी ऐकलं."

आता काकांचा आवाज आला. "तुला माहीत होतं?"

"नव्या काचेला टवका नव्हता हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

काकांनी स्वतःच खण उघडला आणि मला साहेबांच्या हातावर ठेवलं.

आता मी साहेबांच्या कपाटात आहे, फायलीला जोडलेल्या पाकिटात. इमारतीला पहिला वर्ग मिळाला. ती पाडली. काकांची चौकशी चालू आहे. साहेबांचीही चालू आहे. हल्ली ते पट्ट्या स्वतःच्या नेतात, आणि काचेकडे बघण्याआधी भेगेत बोट घालून बघतात, असं त्यांचा शिपाई सांगत होता.

गेल्या आठवड्यात बाई आल्या होत्या. काकांनी हात धरून आणलं होतं. कपाळावर निळं टेंगूळ. तात्पुरत्या खोलीतल्या भिंती अजून त्यांच्या बोटांत बसल्या नव्हत्या.

"साहेब, ती काच एकदा हातात द्याल?"

नियमात बसत नव्हतं, पण साहेबांनी पाकीट उघडलं. बाईंचं बोट माझ्यावरून फिरलं, टवक्यापाशी थांबलं. मी वाट बघत होते. रोजचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तुटलेल्या कडेवर बोट ठेवून त्या फक्त म्हणाल्या, "पेपर मी काढून ठेवला होता." मग जाताना पावलं मोजू लागल्या, तिसऱ्यालाच चुकल्या आणि दारावर आदळल्या. काका मागे होते. हात धरायला त्यांना उशीर झाला.

तुमच्या भिंतीवर माझी एखादी बहीण लावून गेले असतील, तर ती शाबूत राहावी म्हणून नवस करू नका. तिला तिचं काम करू द्या. आणि एखाद्या दुपारी टक् असा आवाज आला तर विचारा, काय तुटलं? घरातलं माणूस 'काही नाही' म्हणालं, तर पुन्हा विचारा.

बाईंनी एकदाच विचारलं होतं.