अंबूबाईंना पखवाजवाला हवा

या माऊली, असं जवळ बसा. देवाच्या नावाचा हट्ट धरून मीच कसा घोटाळा केला आणि त्यातनं गोड कसं झालं, ते सांगतो.

फौजेतनं सुभेदार म्हणून कडेगावला परतलो आणि कीर्तनवेड्यांचा ईमेल ग्रुप काढला. नियम एकच, माझाच: मेलच्या विषयाच्या जागी 'रामकृष्णहरी' लिहायचं. चिठ्ठीच्या माथ्यावर 'श्री' घालतात ना, तसं. दोनशे माणसं मनापासून पाळायची. रेकॉर्डिंग असो, वाढदिवस असो, वर रामकृष्णहरीच!

जतकडच्या धनगरवाडीत आमच्या ग्रुपातल्या अंबूबाईंचं पहिलं कीर्तन ठरलं होतं, शनिवारी दुपारी चारला. त्या गावात आजवर बाई कीर्तनाला उभी राहिली नव्हती. त्यात पखवाजवाल्याचं मनगट मोडलं. बाईंनी सोमवारीच ग्रुपवर मेल टाकली. विषय अर्थातच रामकृष्णहरी. कुणी उघडलीच नाही. मीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी सूनबाई शिवांजली फोन हातात घेऊन ओसरीवर आली. "आवं मामा, अंबूअक्का रडत्यात. गावकरी म्हणत्यात, वाजवणारा न्हाई तर दुसरा बुवा उभा करतो."

"मग ग्रुपवर सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं की! शोधा बघू तुमीच."

शोधली. एकसारख्या नावाच्या मेलींची रांगच रांग.

"वर काम लिहा, मामा," शिवांजली म्हणाली.

"देवाचं नाव पुसू?"

"पुसू नका, आत लिहा. बुवा उभे राहिले की आधी अभंग म्हणत्यात का न्हाई? तवाच कळतं, आज कशावर बोलणार. तुमी दोनशे जणांना अभंगाशिवाय बसवलंय!"

इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, पण कान आज उपटले गेले. मुकाट्यानं विषय लिहिला: 'उद्या शनिवार दुपारी ४, जत तालुका: अंबूबाईंच्या कीर्तनाला पखवाजवाला हवा'. आत पहिली ओळ रामकृष्णहरी.

चहा निवायच्या आत उत्तर आलं. सांगलीच्या हळद बाजारात हमाली करणारा बिरदेव. 'सुभेदार, रोज तेच नाव दिसायचं म्हणून उघडतच नव्हतो, माफी असावी. उद्याचा खाडा करतो. पखवाज माझा, पेट्रोलबी माझं.' पाठोपाठ मिरजेचा एकजण टाळकऱ्यांसह तयार, विट्याची एक बाई पेटी घेऊन!

शनिवारी आम्हीही गेलो. साडेतीनला बिरदेवाची फटफटी आली. पाठीला पखवाज बांधलेला, अंगावर हळदीची पिवळी धूळ. पारावरचा एक म्हातारा हसला, "गड्या, लग्नातनं पळालास काय रं?"

"व्हय आजा, वाजवायला!"

पखवाजावर थाप पडली आणि अंबूबाईंनी असा स्वर लावला की कानडी बोलणाऱ्या बायासुद्धा डोलायला लागल्या. दुसरा बुवा उभा करू म्हणणारे पुढाऱ्यासारखे पुढं बसलेले. शेवटी तेच उठून बाईंच्या पाया पडले. "पुढल्या साली शेवटाचं, मानाचं काल्याचं कीर्तन तुमचंच, अक्का!" विठ्ठल विठ्ठल असा गजर झाला की मेंढरं बिचकली!

बिरदेवानं नारळाशिवाय काही घेतलं नाही. जेवायलाही थांबला नाही. पहाटे पोती उचलायची होती. माऊली, कीर्तनात बुवांचं कौतुक सगळेच करतात. तुम्ही पखवाज ऐकाल तवा त्या हळदीनं माखलेल्या गड्याची आठवण तेवढी काढा.