किती आणे?

"मूठ करा," डॉ. इंद्रायणी म्हणाल्या.

कमलम्माने उजवा हात टेबलावर ठेवला आणि बोटं मिटायला घेतली. अंगठा आला. तर्जनी अर्ध्यावर आली. मधली दोन बोटं मुळापासूनच करंगळीच्या बाजूला कलली होती; ती हलली, पण तळव्याला टेकली नाहीत.

"अजून थोडी."

"एवढीच व्हते."

डॉक्टरांनी बोटांच्या मुळाशी एकेक सांधा दाबून पाहिला. कमलम्माचे पाय खुर्चीखाली मागे सरकले. डॉक्टरांनी आजची क्ष-किरण फिल्म दिव्यावर लावली, सहा महिन्यांपूर्वीची तिच्याशेजारी लावली आणि नंदकुमारकडे हात केला. त्याने फाइल पुढे केली.

"नंदूकाका, यांचा पाचही महिने वेदनेचा आकडा पंचवीस आहे. शंभरात पंचवीस."

"हो मॅडम."

"आपल्या बत्तीस जणींत सगळ्यात चांगला."

"हो."

डॉक्टरांनी फिल्मकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "या बायका खरं सांगतच नाहीत. काम बंद होईल म्हणून भितात." आणि त्यांनी संगणकावर इंग्रजीत एक वाक्य टंकलं. नंदकुमारला ते उभ्या जागेवरून वाचता आलं: रुग्णाने वेदना सातत्याने कमी सांगितल्या.

"कमलम्मा, ही दोन बोटं आता सरळ होणार नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "आठवड्याची गोळी आजपासून वाढवते. बाकीची बोटं वाचवू."

"बरं," कमलम्मा म्हणाली.

नंदकुमार अष्टेकर सत्तावन्न वर्षांचा होता. त्यातली बावीस वर्षं त्याने सोलापुरातल्या या रुग्णालयाच्या अभिलेख खोलीत काढली होती. गेल्या वर्षी संधिवातावरचा अभ्यास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला मागून घेतलं, कारण त्याच्या कागदांत खाडाखोड नसे. शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते आणि सांधे आतून खाते, असा हा आजार. विड्या वळणाऱ्या बायकांना तो झाला की हात आणि पोट दोन्ही एकदम अडतात. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ओजस नावाच्या संशोधकाने त्यांच्यासाठी हाताचा पट्टा बनवला होता. पट्टा बोटांच्या मुळांना आधार देई आणि दिवसभरात बोटं किती वेळा वाकली तेही मोजून ठेवी. डॉक्टर सुरुवातीला तपासणार, मग थेट सहा महिन्यांनी. मधल्या पाच महिन्यांत नंदकुमारने घरोघर जाऊन दुखणं विचारायचं आणि आकडा लिहायचा. आकडा लागोपाठ दोनदा पन्नासच्या वर गेला तर बाईला लगेच रुग्णालयात आणून औषध बदलायचं, असा नियम होता.

दुखणं मोजायला पुण्याहून दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ छापून आली होती. डाव्या टोकाला 'अजिबात दुखत नाही', उजव्या टोकाला 'असह्य'. मधे खूण करायची. काशम्मा नावाच्या बाईने दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि सांगितलं, "ही सकाळची, ही दुपारची." दुसरीने विचारलं, हा रस्ता कुठं जातो. तेव्हा नंदकुमारने स्वतःच्या डोक्याने आणे काढले. सोळा आणे म्हणजे शंभर, आठ आणे म्हणजे पन्नास. आणे सगळ्यांना कळत. डॉक्टर हसल्या होत्या. "तुमच्या आण्यांचं तुम्ही बघा, मला आकडा द्या," म्हणाल्या होत्या.

पहिल्या फेरीतल्या पहिल्या दोन-चार घरांत तो विचारी, "दुखणं किती आणे राहिलंय?" बत्तीस घरं, ऊन, स्कूटर. पुढच्या घरापासूनच प्रश्न आखडला. "काय कमलम्मा, किती आणे?"

"चार आणे."

तो पंचवीस लिही.

तपासणी झाल्यावर तो तिला औषधाच्या खिडकीपर्यंत सोडायला गेला. मनात थोडा राग होता. त्याच्या कागदात खोट निघाली होती, आणि ती त्याची नव्हती.

"कमलम्मा, एवढं दुखत होतं तर मला तसं सांगायचं की. दर महिन्याला आपलं चार आणे, चार आणे."

ती थांबली. "मग? चारच आणे फरक. खोटं कशाला सांगू, सार?"

"फरक?"

"तुमच्या पट्ट्यानं चार आणे फरक पडला. बारा आणे दुखणं हाय तसं हाय की. म्हनून तर सांगत हुते दर म्हैन्याला. म्हटलं, सार लिहून घ्यालेत, वर पाठवालेत, आज ना उद्या औषध बदलतील." खिडकीतून तिचं नाव पुकारलं गेलं. तिने पिशवी कोपराला अडकवली आणि पुढे झाली. "मोठ्या दवाखान्याचं काम, वेळ लागतोय म्हटलं."

नंदकुमार तिथेच उभा राहिला. मागच्या माणसाने दोनदा "सरका की" म्हटल्यावर तो बाजूला झाला.

अभिलेख खोलीत जाऊन त्याने कमलम्माची फाइल उघडली. पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. एकसारखे, रेघेवर बसलेले. प्रत्येकापुढे त्याची आद्याक्षरं आणि तारीख. पंचाहत्तर लिहिलं असतं तर दुसऱ्याच महिन्यात तिला आणावं लागलं असतं. त्याने बोटावर मोजलं, चार महिने. नंतर पुन्हा मोजलं. तेवढेच आले.

मग त्याने यादी घेतली आणि फोन लावायला सुरुवात केली.

दुपारी चारला बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाल्यावर तो डॉक्टरांच्या खोलीत गेला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, सकाळचं ते वाक्य काढावं लागेल."

"कुठलं?"

"रुग्णाने कमी सांगितल्या, ते. तिने बरोबर सांगितलं होतं. मी उलटं लिहिलं." त्याने आण्यांचं सगळं सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत, याचं त्यालाच नवल वाटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आण्यांना मीच हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या?"

"एकतीसपैकी एकोणीस जणी फोनवर भेटल्या. अकरा जणी दुखणं सांगत होत्या. सहा जणी फरक सांगत होत्या. दोघींना आठवत नाही. त्या सहा जणींना उद्या बोलावलंय."

डॉक्टरांनी ओजसला फोन लावला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा ठेवला. ओजस आनंदात होता. "मॅडम, मीच करणार होतो फोन. त्या कमलम्मांच्या पट्ट्याची नोंद भन्नाट आहे. पहिल्या महिन्यात बोटं दिवसाला नऊ हजार वेळा वाकत होती, आता दोन हजारांच्या आत. पट्टा हाताला विश्रांती देतोय."

"विश्रांती नाही ती, साहेब," नंदकुमार म्हणाला. "तिला विडी वळता येत नाही. सून वळते. ती नुसती पानं निवडते."

मग डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं.

"काका," ओजस म्हणाला, "प्रश्न समजून घेण्यात रुग्णाचा गैरसमज, असं नाही का लिहिता येणार? म्हणजे, तसं पाहिलं तर ते खोटं नाही. फक्त एवढ्या जणींची नोंद वगळता येईल. माझी तीन वर्षं आहेत यात."

"गैरसमज माझा झाला, साहेब. तिचा नाही."

"मॅडम?"

डॉक्टर नंदकुमारकडे पाहत होत्या. "काका, तुम्ही लिहून द्याल तसं मी पाठवणार. पण एक सांगते. हे गेलं की आपलं केंद्र अभ्यासातून काढतील. तुमची नेमणूक अभ्यासापुरतीच आहे. अभिलेख खोलीत तुमच्या जागी आता दुसरा माणूस आहे."

"ठाऊक आहे."

"घरी बोलून घ्या. उद्या सकाळी लिहिलं तरी चालेल."

"उद्या सकाळी मला सुचेल, मॅडम," नंदकुमार म्हणाला. "ओजस साहेबांना सुचलं तसलं काहीतरी. आत्ताच लिहितो."

खोडायचं नसतं, हे तो नव्या कारकुनांना शिकवीत आला होता. आडवी एकच रेघ मारायची. खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. त्याने पाच पंचविसांवर पाच रेघा मारल्या, शेजारी पाच वेळा पंचाहत्तर लिहिलं, आद्याक्षरं केली, आजची तारीख घातली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: प्रश्न विचारणाऱ्याने अपुरा विचारला. उत्तर बरोबर होतं. मग एक पान भरून निवेदन लिहिलं आणि त्याची मराठी प्रत काढली. झालेल्या चुकीबद्दल रुग्णाला सांगायचं आणि सांगितल्याची तिची सही घ्यायची, असाही नियम होता. सहीसाठी पानाच्या तळाशी एक चौकट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत गेला. तिथल्या सगळ्या घरांच्या उंबऱ्याशी सुपं मांडलेली असतात, आणि बोलताना बायकांचे हात थांबत नाहीत. कमलम्माच्या दाराशी तिची सून पद्मजा विड्या वळत होती. कमलम्मा भिंतीला टेकून पानं निवडत होती. तसं पाहिलं तर गेले तीन महिने त्या दोघी अशाच बसत होत्या. तो उंबऱ्यावर टेके, फाइल मांडीवर घेई, विचारी, लिही आणि पाणी पिऊन निघे.

"या सार. परवाच तर भेटलोय की," कमलम्मा म्हणाली.

"काल, अत्तम्मा. परवा न्हाय," पद्मजा म्हणाली.

"तेच की. काल."

नंदकुमारने आज फाइल पिशवीतच ठेवली. त्याने सांगितलं. मधे थांबला नाही, आणि 'चूक झाली' असं न म्हणता 'मी चुकलो' असं म्हटलं. दुसऱ्याच महिन्यात औषध वाढलं असतं, हेही सांगितलं.

पद्मजाचे हात थांबले. "म्हंजे बोटं वाकडी झाली नसती?"

"नक्की नाही सांगता येत. बहुतेक झाली नसती."

"काका, आमी अडाणी, आमाला रेघ कळत न्हाय. तुमाला हात बघून बी कळलं न्हाय व्हय? समोर बसत हुता की. हितं, ह्या उंबऱ्यावर. मी वळायले, अत्तम्मा पानं निवडायलेत. एकदा तरी विचारायचं, का वो, सासूबाई का वळंनात."

"विचारायला हवं होतं."

"व्हय, हवं हुतं. आता हवं हुतं."

"पद्मा," कमलम्मा म्हणाली. पद्मजाने सूप उचललं आणि आत गेली. आत भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

कमलम्माने मांडीवरचं एक फाटकं पान बाजूला टाकलं.

"मग त्या कागदावर मी बरी हुते म्हना."

"हो."

"किती म्हैने?"

"पाच."

ती हसली. आवाज न करता, खांदे हलवून हसली. "बघा. पाच म्हैने बरी हुते आन मलाच पत्ता न्हाय. कुनी सांगितलं असतं तर जरा हिंडून आले असते."

नंदकुमारला हसता आलं नाही. तिने ते पाहिलं.

"तुमाला काय करतील आता?"

"अभ्यास बंद होईल इथला. माझं कामही."

"आन पट्टा?"

"परत मागतील बहुतेक. गोळ्या मात्र चालू राहतील, मॅडमनी शब्द दिलाय. दर महिन्याला त्या स्वतः बघणार तुम्हाला."

"मग कशाला सांगितलं? गप बसायचं."

"तुम्ही खोटं सांगितलं असं लिहिलं होतं तिथे."

कमलम्माने मान वर केली. "मी?"

"हो. ते काढलं. हा कागद त्याचाच." त्याने निवेदन वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर. वाचून झाल्यावर म्हणाला, "मी हे तुम्हाला सांगितलं, एवढ्यापुरती खाली तुमची खूण लागते." आणि खिशातून शाईची छोटी डबी काढून झाकण उघडलं.

"ते ठेवा," ती म्हणाली.

"अंगठ्याने चालतं, कमलम्मा. उगीच त्रास..."

"मला सही येतीय, सार. चौथीपतुर शिकलेय मी, तेलुगू शाळेत. पेन द्या."

त्याने फाइल तिच्या मांडीवर ठेवली, त्यावर कागद ठेवला, आणि पेन दिलं. पेन बोटांत बसेना. ते दोनदा घसरलं. मग तिने ते अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात उभं धरलं, डाव्या तळव्याने मागून रेटा दिला आणि खांद्यापासून हात हलवत पहिलं अक्षर काढलं. गोल पूर्ण व्हायला वेळ लागला. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. पद्मजा दारात येऊन उभी होती. नंदकुमारचा हात कागद धरायला पुढे झाला, आणि त्याने तो मागे घेतला.

दुसरं अक्षर झालं. तिने श्वास सोडला, तळवा परक्या वस्तूसारखा मांडीवर टेकवला, थोडं थांबली, पुन्हा उचलला. तिसरं अक्षर मोठं झालं. शेवटच्याची शेपूट चौकटीची रेघ ओलांडून छापील मजकुरावर गेली.

तिने पेन सोडलं आणि कागद थोडा लांब धरून पाहिला.

"भाईर गेलं की वो. चालंल?"

"चालेल," नंदकुमार म्हणाला, आणि खाली तारीख घातली.