मोठ्या बाई कॉम्प्युटर होतात

"अहो बाई, थांबवा ते!" मागच्या बाकावरून मोठ्या बाई कडाडल्या.

शिवणाच्या बाईंना तरी दुसरं काय हवं होतं? पण पडद्यावर हॅलोखाली हॅलो, हॅलोखाली हॅलो, नुसता धबधबा लागला होता. हवे होते फक्त पाच! नववीचा वर्ग खिदळत होता आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शाळेतला शिवण हा विषय बंद झाला होता. कॉम्प्युटरचा तास जमला तर नोकरी राहणार, नाहीतर घरी बसायचं. आणि जमतो की नाही ते मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आज जातीने बघत होत्या.

शिवणाच्या बाईंनी कशीबशी दोन बटणं एकदम दाबून प्रोग्राम तोडला आणि त्या फळ्याकडे बघत राहिल्या. i हा मोजणीचा आकडा, सुरुवातीला शून्य. i पाचपेक्षा कमी आहे तोवर हॅलो छाप. यालाच म्हणायचं लूप. मग बिनसलं कुठे? घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून महिनाभर त्यांनी नवऱ्यालाच कॉम्प्युटर केलं होतं. प्रोग्रामचा कागद समोर धरला, की ते बिचारे खुर्चीतून इमानेइतबारे पाच वेळा 'हॅलो' म्हणायचे आणि लगेच "झाला का चहा?" असं विचारायचे. एकदाही चुकले नव्हते.

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चुकणार कसे! पाच झाले की थांबायचं, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. माणूस समजूतदार! पण i वाढवा, असं कागदावर कुठे लिहिलंच नव्हतं.

सांगून टाकावं? छे, नुसतं सांगून ते पोरांच्या गळी उतरलं नसतं. त्यासाठी लिहिलंय तेवढंच करणारं, पदरचं काहीएक न घालणारं माणूस हवं. असं माणूस शाळेत एकच होतं. बाईंनी मनाचा हिय्या केला.

"मोठ्या बाई, जरा पुढे येता? तुम्ही कॉम्प्युटर व्हायचं. फळ्यावर लिहिलंय त्यापलीकडे काही करायचं नाही."

"मी कधी करते का?" मोठ्या बाई फळ्यापाशी आल्या. "i शून्य. पाचपेक्षा कमी? आहे. हॅलो. i किती? शून्यच. कमी आहे. हॅलो. शून्यच. हॅलो..."

हसून हसून वर्गाची मुरकुंडी वळली. कोणाचा फोन आलाय ते बघायला शिपाईमामा दारात डोकावून गेले. मोठ्या बाई ढिम्म. घसा बसत आला तरी हॅलो चालूच.

"अरे कार्ट्यांनो, सोडवा की मला!" शेवटी त्याच ओरडल्या.

"i वाढवा, बाई! दर वेळी एकाने वाढवा!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

शिवणाच्या बाईंना भरून आलं. न सांगता कळलं होतं पोरांना!

मोठ्या बाईंनी त्यांच्या हातातला खडू घेतला. "कसं लिहायचं ते?"

"i, आणि पुढे अधिकचं चिन्ह दोनदा. म्हणजे i एकाने वाढतो."

त्यांनी हॅलोच्या खाली ठळक अक्षरात लिहिलं. शिवणाच्या बाईंनी तेच टाइप करून प्रोग्राम चालवला. पाच हॅलो आले आणि पडदा गप्प झाला.

"उद्याचा तास तुम्हीच घ्या. परवाचाही, आणि पुढचेही," मोठ्या बाई घसा खाकरत म्हणाल्या. "आणि मी पहिल्या बाकावर बसेन. मागून नीट दिसत नाही."