अध्यक्षांची मांजर गोळी घेत नाही

आमच्या पशुवैद्यक संघाच्या ऑनलाइन मंचाचं उद्घाटन फीत कापून झालं. जी वस्तू नुसती पडद्यावर आहे तिची फीत कशी कापायची, असं मी चिटणीस या नात्यानं विचारून पाहिलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "फीत नसेल तर उद्घाटन झालं हे लोकांना कळणार कसं?" मग लॅपटॉपलाच लाल फीत गुंडाळली. कात्री आणायची राहून गेली होती, पण पशुवैद्यांच्या सभेत ती काही अडचण नाही. चौघापाचांनी एकदम बॅगेतून कात्र्या काढल्या. अध्यक्षांनी टाके काढायच्या कात्रीनं फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि लोक चहाकडे वळले.

मंचाचा हेतू स्वच्छ होता. सदस्यांनी तिथं यावं, अडलेलं विचारावं, आपला अनुभव सांगावा. नाव नोंदवताना दोन चौकोन दिले होते : 'मी मार्गदर्शन करू शकतो' आणि 'मला मार्गदर्शन हवं आहे'. पहिल्यावर झाडून सगळ्यांनी खूण केली. दुसऱ्यावर एकीनंच केली आणि संध्याकाळच्या आत तिनंही ती काढून टाकली. म्हणजे सगळे वाढपी कंबर कसून तयार, जेवायला बसलेला एकही नाही.

ती एकटी म्हणजे माझी भाची. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात ती एकटीच डॉक्टर आहे. गाई, शेळ्या, गाढवं, क्वचित एखादं पाळलेलं कासव, सगळं तिच्या अंगावर. या मंचाची कल्पनाही मूळ तिचीच. "मामा, मला चुकायची भीती नाही वाटत," ती म्हणाली होती, "पण 'हे असंच करू ना?' असं विचारायला माणूस लागतो रे. भिंतीला किती विचारणार?" शहरातल्या एका कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. वातानुकूलित ऑफिस, भरपूर माणसं आणि जनावर फक्त डब्यावरच्या चित्रात. महिनाअखेर हो-नाही कळवायचं होतं.

"खूण का काढलीस?" मी फोन करून विचारलं.

"यादीत मी एकटीच दिसत होते. नापास झालेल्यांच्या यादीत एकच नाव असावं तसं. तुमच्याकडे कुणालाच काही अडत नाही का रे?"

काय सांगणार? आमच्या धंद्यात पेशंट बोलत नाही, त्यामुळे डॉक्टरला ठामपणे काहीतरी बोलावंच लागतं. ती सवय अंगात इतकी मुरते की बायकोनं मीठ कुठंय विचारलं तरी आम्ही आधी ठामपणे उत्तर देतो आणि मग मीठ शोधतो. 'मला कळत नाही' हे वाक्य मी संघाच्या सभेत आजवर ऐकलेलं नाही. अध्यक्षांच्या तोंडून तर नाहीच. चाळीस वर्षं प्रॅक्टिस, भारदस्त आवाज, हात असे की खवळलेला बोकासुद्धा त्यांच्यासमोर माफी मागितल्यासारखा बसतो.

मंचावर पहिल्या आठवड्यात अभिनंदनं झाली. दुसऱ्या आठवड्यात अभिनंदनांचे आभार झाले. मग एकानं सूर्यास्ताचा फोटो टाकला, त्याला बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला, आणि शांतता पसरली. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "महिनाअखेरच्या बैठकीत हे बंद करून टाकू. आपलं छापील पत्रक बरं होतं. निदान डबा गुंडाळायला यायचं."

बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "मग तुम्हीच विचारा की एखादा प्रश्न. चिटणीस ना तुम्ही?"

"मी विचारला तर लोक म्हणतील, चिटणिसाला येत नाही."

"येतं का?"

मी विषय बदलला.

बैठकीला चार दिवस उरले असताना, सकाळी मी एका सशाचे दात तपासत होतो आणि खिशातला फोन थरथरू लागला. तो थांबेचना. सशाला पिंजऱ्यात ठेवून पाहिलं तर मंचावर अध्यक्षांचा कोट-टायमधला फोटो, खाली 'अध्यक्ष' हे पद, आणि त्याखाली :

'मांजर गोळी थुंकते उपाय'

त्याच्या खाली, पाच मिनिटांनी :

'घरची मांजर गोळी थुंकते मालक स्वतः पशुवैद्य'

आणि त्याखाली :

'मांजर मुद्दाम करते का'

या तीन ओळींखाली अर्धा संघ लोटला होता. लोण्यात घालून द्या. लोणी चाटून गोळी सोडते, माझा अनुभव. टॉवेलात गुंडाळा. टॉवेल फाडते, हाही माझा अनुभव. हाडाचा पशुवैद्य म्हणून मिरवणाऱ्या एका ज्येष्ठ सदस्यानं लिहिलं होतं, 'माझ्या घरी बायको देते. मी त्या वेळी खोलीबाहेर असतो.' एकूण असं दिसत होतं की शहरातल्या एकाही पशुवैद्याची स्वतःची मांजर त्याला जुमानत नाही आणि हे प्रत्येकानं वर्षानुवर्षं पोटात ठेवलं होतं.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"अहो चिटणीस, इंटरनेट बिघडलंय."

"काय झालं?"

"मी शोधतोय आणि माणसं उत्तरं देतायत. आणि सगळी माझ्या ओळखीची आहेत!"

वरच्या मोठ्या चौकोनाला ते शोधायची जागा समजले होते. तो चौकोन सगळ्या सदस्यांना दिसतो, हे मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. मग पलीकडून आवाज आला. नेहमीचा, पण आतून हवा गेल्यासारखा. "पुसून टाका."

पुसणं माझ्या हातात होतं. एक बटण दाबायचं. मी म्हणालो, "टेबलावर ससा आहे." ससा टेबलावर नव्हता, पण होता तर खरा.

"मग दुपारी घरी या. माझ्यासमोर पुसा."

दुपारी गेलो तेव्हा दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या हातात फोन होता आणि डोळ्यांत हसून हसून पाणी. "या भावजी! हे ऐकलंत का, टॉवेल फाडते म्हणे!" आतून अध्यक्ष म्हणाले, "त्यात हसण्यासारखं काय आहे?" ते सोफ्यावर बसले होते, मनगटाला पट्टी. समोरच्या कपाटावर बाईसाहेब. म्हणजे ती करड्या रंगाची मांजर. नाव वहिनींनी ठेवलेलं, आणि मांजरीनं ते पुरतं मनावर घेतलेलं. तिच्या मूत्रपिंडाचं दुखणं वाढत चाललं होतं. गोळी पोटात जाणं गरजेचं होतं आणि आठवडाभर एकही गेली नव्हती. अध्यक्ष हे सांगताना पट्टीकडे बघत राहिले, तेव्हा मला कळलं, त्यांनी ते काळजीपोटी शोधलं होतं.

"दवाखान्यात का नेत नाही?" मी विचारलं.

"टोपली काढली की कपाटावर चढते. ही बघा."

मी फोन काढला. बटणावर अंगठा ठेवणार तोच वहिनी म्हणाल्या, "थांबा, थांबा, हे नवीन आलंय. तुमच्या भाचीचं ना हे?"

भाचीनं लिहिलं होतं : 'सर, घरी तुम्ही तिचे नोकर आहात. तिला डॉक्टर दाखवा. पांढरा कोट घाला, हातमोजे घाला, जेवणाच्या टेबलावरचं सगळं काढा, तिला तिथं ठेवा. लाडानं बोलू नका. नाव-वय विचारा आणि गोळी द्या.'

"काहीतरीच," अध्यक्ष म्हणाले.

"काहीतरीच तर काहीतरीच," वहिनी म्हणाल्या, "बाकी सगळं झालंय." आणि कोट घेऊन आल्या.

जेवणाचं टेबल रिकामं झालं. मी खुर्चीवर चढून बाईसाहेबांना उतरवलं. त्यात माझीही एक पट्टी झाली. अध्यक्ष आतल्या खोलीत गेले आणि कोट, हातमोजे घालून बाहेर आले. चाल बदलली होती. मान ताठ, चेहऱ्यावर कसलीही ओळख नाही.

"कोण आहे?" ते मला म्हणाले.

"मांजर," मी म्हणालो.

"वय?"

"अकरा," वहिनी ओठ दाबून म्हणाल्या.

बाईसाहेबांनी त्या कोटाकडे पाहिलं, कान मागे घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसल्या. डाव्या हातानं डोकं वर, जबडा उघडला, गोळी मागे, तोंड मिटून गळ्यावरून बोट. मांजरीनं नाक चाटलं. गिळली. वहिनींनी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथंही काही नव्हतं.

अध्यक्षांनी हातमोजे काढले. "पुसू नका," ते म्हणाले. मग एका बोटानं, प्रत्येक अक्षरावर थांबत, त्यांनी लिहिलं : 'घेतली.'

त्या एका शब्दाला सूर्यास्तापेक्षा जास्त अंगठे मिळाले.

आम्ही चहा घेत होतो तोवर भाचीचं दुसरं काही आलं. या वेळी प्रश्न होता. तिच्याकडे एक गाढव होतं. जोडीदार मेल्यापासून खात नव्हतं. उपाशी राहून रक्तातली चरबी वाढायला लागलेली, औषध चालू, पण ते भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. आणखी काय करू?

अध्यक्षांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मी त्यांच्या ठाम वाक्याची वाट पाहत होतो.

"गाढवाचं मला माहीत नाही," ते म्हणाले.

"तसं लिहू?"

"तुम्ही कशाला? मी लिहितो." आणि खरंच लिहिलं : 'मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्यानं आत्ता सांगावं. गाढव उपाशी आहे.'

सांगणारा निघाला तो सूर्यास्तवाला. त्याचं लहानपण म्हणे गाढवांतच गेलं होतं, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं. 'सोबत द्या. दुसरं गाढव नसेल तर शेळी चालेल. औषध सोडू नका.'

दोन दिवसांनी भाचीनं फोटो टाकला. गाढव चारा खात होतं आणि शेळी त्याच्याच चाऱ्यात तोंड घालून त्याचा हिस्सा कमी करत होती. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मामा, त्या कंपनीला नाही कळवलं."

"नाही कळवलंस, की 'नाही' कळवलंस?"

"'नाही' कळवलं. आणि ऐक, तो 'मार्गदर्शन हवं'वाला चौकोन मी परत भरलाय. आता त्यात बरीच नावं आहेत. तुझं नाही."

मी त्याच रात्री भरला. बायकोनं खांद्यावरून पाहिलं आणि न मागता चहा आणून ठेवला, जे तिच्या बाबतीत मोठं आहे.

बैठकीत मंच बंद करायचा विषय आलाच नाही. अध्यक्षांना मी शोधायची खरी जागा दाखवून दिली आहे, भिंगाच्या चित्राची, वर उजवीकडे. तरी ते सगळं मोठ्या चौकोनातच टाकतात. कालच 'चष्मा कुठे मिळेल स्वस्त' असं आलं होतं, आणि तिघांनी पत्ते दिले होते.

"अहो, शोधायची जागा ती नाही," मी पुन्हा म्हणालो.

"पाहिली मी ती," अध्यक्ष म्हणाले. "तिथं कुणी ओळखीचं भेटत नाही."