झिलूनं आणलेला बांबू

कोणी विश्वास ठेवणार नाही, तरी सांगतो. सुमंगलेच्या झोळीचा बांबू मोडला, त्याचा आवाज पार कुळगीच्या जंगलापर्यंत गेला आणि तिथल्या वाघिणीनं त्याच दिवशी बछडी दुसऱ्या गुहेत हलवली.

गुंद गावाच्या पलीकडं रानात सुमंगलेची वाडी. गाडी तिथवर जात नाही. आजाऱ्याला घोंगडीच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची आणि चौघांनी खांदा देऊन रस्ता गाठायचा. आषाढात सुमंगलेचा श्वास अडकला. एकशे चाळीस किलोची बाई, तिला आठ जण लागले. पोरं सगळी गोव्याला कामावर, म्हणून आठही पन्नाशीपुढचे. ऐन ओढ्यात बांबू मोडला. सुमंगला पडली आणि तिच्याखाली सापडला तिचा दीर झिलू. त्याचा खांदा निखळला.

कसंबसं बेळगाव गाठलं. तिथल्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, "ऑपरेशन करून जठर लहान करावं लागेल. धोका आहे. न करण्यात जास्त आहे."

तिची थोरली बहीण अशीच ऑपरेशनला गेली होती. परत आली ती याच वाटेनं, झोळीतून, तोंड झाकून. सुमंगला महिनाभर नकोच म्हणत राहिली. भात सोडला, पेज सोडली. वजनाचा काटा हलेना. गोठ्यापर्यंत जाताना दोनदा खाली बसायची. डोळा लागला की श्वास थांबेल, म्हणून भिंतीला टेकून जागी राहायची.

एका सकाळी अंगणात ठकठक ऐकू आली. झिलूचा एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातातल्या कोयत्यानं, पायाखाली दाबून धरलेला हिरवा बांबू तो तासत होता.

"हे काय भावजी?"

"जाड बघून आणलाय, वैनी. ह्यो मोडायचा न्हाई. परत दम लागला तर हाक मार."

"आणि उचलणार कशानं?"

"दुसरा खांदा हाय की!"

सुमंगला त्या दुसऱ्या खांद्याकडं बघत राहिली. मग चुलीपुढं बसून ढसाढसा रडली आणि लेकीला, केशरला, म्हणाली, "डॉक्टरला फोन लाव. त्यो खांदा न्हाई मोडायचा मला."

आणि काय सांगू! वाघिणीसारखी बेळगावात शिरली. आज सकाळी कागद पुढं आला, मरणाचासुद्धा उल्लेख होता त्यात. पण सुमंगलेनं हसत हसत झोकात सही ठोकली, वर डॉक्टरलाच धीर दिला, म्हणाली...

"खोटं, आज्जा!" ऑपरेशनच्या बंद दाराबाहेर, बाकावर माझ्या शेजारी बसलेली केशर ओरडली. "तिचा हात मी धरला होता. 'मला घरी ने' म्हणत होती, आणि म्हणत म्हणतच सही केली तिनं."